माझ्या भारंभार तांदूळ

गागोदे,
रविवार

प्रिय प्रदीपदादास,

विशालचा नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि मैनाआत्या दुपारी आडवी झाली की तिच्या पायांवर माझ्या वतीने गुपचूप डोकं ठेव. गुपचूप अशासाठी की हे पत्र तिला कळता कामा नये. तुझा गुडघा आता कसा आहे? आम्ही इकडे सुखरूप आहोत (माझी शुगर जरा काठावर आली आहे म्हणतात, पण ते आत्याला सांगू नकोस). या मोबाइलच्या दिवसांत पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण तुला फोन केला की तो आत्या उचलते आणि स्पीकरवर टाकते, मग सगळी आळी ऐकते. पत्र मात्र तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि चष्मा तिला कधी सापडत नाही.

तर विषय नवसाचा. बारा वर्षांपूर्वी मी डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागलो तेव्हा आत्या, म्हणजे तुझ्या मातोश्री, तुमच्या गावच्या बहिरीदेवासमोर काय बोलल्या ते तुला आठवतच असेल. ‘माझा इशाल कायम झाला की त्याच्या भारंभार तांदूल घालीन. माझ्या शेतातला, इकतचा नाय.’ तेव्हा मी फुंकर मारली तर उडेन असा होतो. पुढे बारा वर्षं तीन शिफ्ट, कँटीनचं जेवण आणि येता-जाता वडखळ नाक्यावरचे वडे. देव उशिरा का होईना पावला. दिवाळीत मी कायम झालो. पेढे घेऊन आलो तर आत्याने पेढा हातात धरून मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, ‘आता किती भरतोस रं?’

दुसऱ्या दिवशी मी गुणाजीच्या भातगिरणीत काट्यावर उभा राहिलो. सत्त्याण्णव. गुणाजी मुळात समजूतदार माणूस, पण त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने मला भिंतीशी उभं केलं आणि शेजारी तेवढाच तांदूळ रचला. तीस-तीसच्या तीन गोण्या आणि वर सात किलोची पिशवी. दादा, मी थक्क झालो. आरशात माणूस स्वतःला रोज बघतो आणि त्याला काही वाटत नाही. पण आपण तांदूळ असतो तर केवढे असतो, हे एकदा डोळ्यांनी बघावं. एवढं सगळं मी रोज जिना चढवून नेतो, झोपवतो, शिफ्टला घेऊन जातो! गिरणीतल्या बायकासुद्धा टोपल्या खाली ठेवून बघायला आल्या.

मग घरी येऊन मी हिशेब केला. यंदा पावसाने आणि डुकरांनी मिळून आत्याच्या शेताची धूळधाण केली, चार पोती भात हाती लागलं. भरडून शंभर-एकशे पाच किलो तांदूळ. त्यातला सत्त्याण्णव देवाला गेला तर ती वर्षभर खाणार काय? तू म्हणशील विकत आणू. तिने विकतचा तांदूळ कधी तोंडात घातलाय? आणि नवस मोडेल ती मैनाआत्या कसली! आई गेल्यावर पाचवी ते दहावी मी तुमच्या घरी तिच्याच भातावर वाढलो, आणि आता तिच्याच भाताच्या मुळावर उठलो. जत्रा चैत्रात. तेवढ्यात जमेल तितकं उतरायचं, असं ठरवलं.

मोबाइलवर एक बाई वजन उतरवायचं शिकवतात. त्या म्हणतात, उद्दिष्ट ठरवा, कागदावर लिहा, भिंतीवर लावा. मी लिहिलं, ‘चैत्रापर्यंत पन्नास किलो.’ आमची ही, शिल्पा, ते वाचून इतकी हसली की तिला चुलीपाशी खाली बसावं लागलं. मग लग्नातला सदरा बिछान्यासमोर टांगला (तो बघून उमेद येण्याऐवजी रडू यायचं, शिवाय दिवे गेले की कोणी उभं आहे असं वाटायचं). मग त्या बाई म्हणाल्या, उद्दिष्ट छोटं ठेवा आणि गाठलं की स्वतःला बक्षीस द्या. हे मला एकदम पटलं. पहिल्या दोन आठवड्यांत मी दोनदा अर्धा किलो उतरलो आणि वडखळला तीनदा बक्षीस घेतलं. काटा होता तिथेच.

शेवटी शिल्पानेच मार्ग काढला. तिने सगळे कागद फाडले, कोपऱ्यात पत्र्याचा रिकामा डबा मांडला आणि म्हणाली, ‘किलो उतरलात की आपल्या घरातला किलोभर तांदूल यात घालायचा. चढलात तर काढायचा.’ बस, एवढंच. पण दादा, काय जादू झाली सांगू? घातलेला तांदूळ काढायला हात धजेना! पोपटीच्या दिवसांत सगळा गाव शेतात जाळात मडकी लावून बसला होता, त्यात भाजणाऱ्या वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास थेट घरात यायचा, आणि मी, हा मी, त्या डब्याला पाठ लावून काकडी खात बसलो. शिफ्टवरून येताना दोन किलोमीटर आधी उतरून चालायला लागलो. आज डब्यात तेरा किलो तांदूळ आहे. परवा मी खुर्चीला न धरता वाकून बुटाची नाडी बांधली आणि तसाच वाकून राहिलो, कारण कितीतरी वर्षांनी स्वतःचे पाय इतक्या जवळून दिसत होते. शिल्पाला वाटलं पाठ धरली.

असो. पत्र फार लांबलं. वहिनींना आणि पोरांना पुन्हा विचारल्याचं सांग.

तुझा,
विशाल

ता. क. : खरं काम हे. जत्रेच्या आदल्या दिवशी मला तुमच्याकडे जेवायला बोलावू नका. आत्याने घावण्यांचं पीठ भिजवलं तर ते सांडून टाक. नवस फिटेपर्यंत माझं वजन तुझ्या हाती आहे.

ता. क. दुसरा, गुरुवार : पत्र टाकायचं राहिलं, आणि आता टाकण्यात अर्थ नाही तरी टाकतो. सकाळी तुझ्या मातोश्री एसटीने येऊन दारात उभ्या! मी सगळं कबूल केलं, तर तिने कनवटीची पुरचुंडी सोडून एक जुनी चिठ्ठी काढली. बारा वर्षांपूर्वी तिने मला तुमच्याकडच्या गिरणीत काट्यावर उभं केलं होतं (मी साफ विसरलो होतो), त्याची. एकोणपन्नास किलो. ‘देवाला अंदाजानं कसा सांगायचा? एकोणपन्नास बोलले, तेवढाच घालीन. वरचा तुझा तू वाढवलास, त्याच्याशी देवाचा काय संबंध?’ मी म्हटलं, मग दिवाळीत का नाही सांगितलंस? म्हणाली, ‘सांगितला असता तर उतरला असतास काय?’ शुगरचं शिल्पाने तिला दिवाळीतच सांगितलं होतं म्हणे. आणि तुलाही सगळं ठाऊक होतं म्हणे. शाबास, दादा!

ता. क. तिसरा : आत्या डब्याजवळ बसली, कोपरापर्यंत हात घालून तिने तांदूळ वरखाली केला. मग म्हणाली, हा तुझ्या अंगचा, हा तू देवाला घाल. तेव्हा जत्रेला एकोणपन्नास तिचे आणि तेरा माझे, अशी दोन पोती येतील. लावणीचे चार दिवसही मी तुमच्याकडेच आहे. माळ्यावर बाबांचं इरलं आहे, ते उतरवून ठेव. बाबा दर साल बहिणीच्या लावणीला यायचे, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी छाती धरून खाली बसले आणि गेले ते तुमच्याच बांधावर, हे तुला सांगायला नको. मला आता चौतीस. भिंतीवरच्या उद्दिष्टाची गोष्ट सांगितली तेव्हा आत्या हसली नाही. निघताना माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘माझा उद्दिष्ट एकच हाय. तुझ्या बापापेक्षा एक लावणी जास्त कर.’ रजेचा अर्ज मी आजच दिला.