रोहिणीची कावीळ आणि रांजणातलं विसण

संघप्रिया,

झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. पहिल्या गाडीनं धाराशिवला रोहिणीजवळ चालले. जावई रात्रभर दवाखान्यात बसून आहेत.

लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्या महिन्यात ही कावीळ. पाण्यातूनच आली. काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर तोऱ्यात म्हणाली, "मी उकळलेलंच पिते." "मग गार कसं करतेस?" "विसण घालते की, रांजणातलं!" बाईंना हसू आलं. मला बाहेर नेऊन बोलल्या तेव्हा मात्र हसत नव्हत्या. पोटुशीला ही कावीळ फार जड जाते म्हणाल्या, आईच्याही जिवाला आणि बाळाच्याही.

तुझाही पाचवा चाललाय. रात्री पाणी उकळून कळशीत झाकून ठेवलंय, ते आपोआप गार झालंय. तेवढंच पी. त्यात कच्चा थेंब घालू नकोस, चूळसुद्धा त्यानंच भर. मळमळलं, डोळे पिवळे दिसले, तर कुणाची काविळीची माळ गळ्यात घालून बसू नकोस. प्रसेनजितला घे आणि सरळ दवाखान्यात ये. तसं काही नसेल तर नणंदेसाठी कितीही जीव तुटला तरी घरीच राहा.

काल निघताना रोहिणी म्हणाली, "वहिनीला सांग, लई लाथा मारतंय." बाळ दिवस भरायच्या आधीच येईल, असं बाई म्हणतात. तू शिवलेलं दुपटं प्रसेनजितजवळ पाठव. तुझ्या बाळाचं मी शिवीन. टाके तू शिकवलेल्या माझ्या अक्षरांसारखे वाकडे येतील, तेवढं चालवून घे.

– आई