लुओमीची नवी जागा

प्रिय एल्ले,

फोन असताना आईने पत्र का लिहिलं म्हणून घाबरू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, छप्पर गळत नाही आणि कुत्रा नेहमीइतकाच आळशी आहे. फोनवर सांगायला लागलं की तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते. म्हणून आज कॉफीचं भांडं शेजारी घेऊन सावकाश लिहायला बसले आहे.

जुलैत तू विचारलं होतंस, दलदलीत लुओमीची फळं कशी धरली आहेत? मी म्हणाले, यंदा काही खरं नाही. तू खो खो हसलीस. हसणारच, कारण आपल्या उत्तरेकडच्या उत्स्योकी गावात दर वर्षी प्रत्येक जण हेच सांगतो. बोटं केशरी झालेली, फ्रीजरचं झाकण लागत नाही, आणि दुकानात कोणी भेटलं की चेहरा पाडून म्हणायचं, अहो, फुलंच करपली, चार फळं मिळाली तर नशीब. रान सगळ्यांचं, ज्याला सापडेल त्याने खुडावं, म्हणून जो तो आपल्या जागेबद्दल ताकास तूर लागू देत नाही. गाडी भलतीकडे उभी करायची, उलट्या दिशेने चालत निघायचं, येताना बादलीवर बर्चची पानं पसरायची. माझ्या आईने मला जागा दाखवली तीसुद्धा माझं लग्न ठरल्यावर, आणि दाखवून झाल्यावर बजावलं, ही गोष्ट घराबाहेर गेली तर याद राख.

पण एल्ले, यंदा मी खरं बोलत होते. जूनअखेर फुलं बघायला गेले तर आपली टेकाडंच नव्हती. तुला आठवतात ना, दलदलीतली ती बुटकी टेकाडं, जिथे उन्हाळ्यातसुद्धा हातभर खणलं की कुदळ बर्फावर आपटायची? गेली काही वर्षं ती कडेने खचत होती, पण मी तिकडे बघायचं टाळत होते. दोन उन्हाळे तापले, आणि पोटातला बर्फ गेल्यावर ती बसली. त्यांच्या जागी काळं पाणी होतं आणि त्यात एक बदक पिल्लांना घेऊन अशा थाटात फिरत होतं, जणू ही जागा त्याच्या आईनेच त्याला दाखवली होती. मी काठावर बसून पोटभर रडले. नदीत सामन मासे धरायला बंदी झाली तेव्हा मी इतकी रडले नव्हते, कारण नदी सगळ्या गावाची होती. ही जागा तुला द्यायची होती. तुझे बाबा गेल्यावर तुझं नर्सिंगचं शिक्षण या फळांनीच केलं. तुला द्यायला दुसरं माझ्याकडे आहे काय? हे घर, आणि तो कुत्रा.

तुला सांगायचा धीर झाला नाही. मनाशी म्हटलं, आधी दुसरी जागा शोधू, मग बोलू. हल्ली बर्चची झाडं डोंगर चढायला लागली आहेत, तू लहान असताना जिथे नुसते दगड होते तिथे आता हिरवं दिसतं. झाडं वर जातात तर लुओमी का नाही जाणार, असा हिशेब केला आणि ऑगस्टमध्ये दोन बादल्या घेऊन निघाले. गुडघे कुरकुरत होते, डास नाकातोंडात जात होते, पण डोंगराच्या पाठीमागच्या खोलगट भागात उतरले आणि जागच्या जागी थांबले. सगळी दलदल केशरी होती. एल्ले, मी आयुष्यात एवढी लुओमी एका ठिकाणी पाहिलेली नाही. एकटीच मोठ्याने हसले.

आणि पलीकडच्या झुडपातून आस्लाकची टोपी वर आली.

हो, आपला आस्लाककाका. बायको गेल्यापासून नदीकाठच्या घरात एकटा राहतो, आपल्याकडे लाकडं फोडून देतो आणि कॉफी पिताना दर वेळी सहज विचारल्यासारखं करतो, काय गं रिस्तेन, यंदा कुठल्या बाजूला जाणार? मी दर वेळी चुकीची बाजू सांगते. तर तो उभा राहिला, मी उभी राहिले. तो म्हणाला, हरवलेला रेनडिअर शोधतोय. बरोबर ना कुत्रा, ना फास, हातात बादली. मी म्हणाले, फोनला रेंज मिळते का बघायला आले. फोन घरी राहिला होता. आम्ही दोघं गंभीर चेहऱ्याने हवापाण्यावर बोललो. मग तो टोपी काढून दगडावर बसला आणि म्हणाला, "रिस्तेन, माझी जागा बुडाली गं."

या गावात साठ वर्षं काढली, पण लुओमीबद्दल कोणी कोणाला खरं सांगितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले. मीही सांगून टाकलं. मग त्याने जागा कुठे होती ते सांगितलं, आणि आम्हाला हसावं की रडावं कळेना. त्याची जागा माझ्या त्याच दलदलीच्या दुसऱ्या टोकाला होती! मध्ये फक्त एक उंचवटा. मी त्याला चुकवायला गाडी पुलापाशी लावत होते, तो मला चुकवायला होडीने येत होता, आणि दोघं पाठीला पाठ लावून आयुष्यभर फळं खुडत होतो.

मग आम्ही शेकोटी केली, आपल्या पद्धतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकले, वर मूठभर लुओमी. वाटणी ठरली: मोठ्या दगडाच्या अलीकडचं माझं, पलीकडचं त्याचं. दुपारपर्यंत दगड कुठे आहे ते दोघंही विसरलो. माझी पाठ धरली तेव्हा त्याने स्वतःची बादली माझ्या बादलीत रिकामी केली. लुओमीच्या बाबतीत आपल्याकडे कोणी असं करत नाही, तुला माहीत आहे.

उतरताना मात्र मला काळजी लागली. मी म्हणाले, आस्लाक, आता जागा दोन घरांना ठाऊक झाली, पुढच्या वर्षी भांडणं होतील. त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जागा एक आहे तर घरं तरी दोन कशाला?" मी म्हणाले, "पुढे बघून चाल, पडशील." आणि एल्ले, मीच चिखलात कमरेपर्यंत गेले. त्याने हात देऊन वर काढलं, आणि नंतरही हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. या वयात असं सुख वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. आपल्याकडे जागा आईकडून मुलीकडे जाते, म्हणजे ती नवी दलदल आजपासून तुझी. मी ती तुला न विचारता एका परक्या माणसाबरोबर वाटून घेतली आहे. तो परका राहू नये असं मला मनापासून वाटतं, पण हक्क तुझा आहे. तू नको म्हणालीस तर मी त्याला तसं सांगेन, आणि तो पुन्हा तिकडे पाऊल टाकणार नाही, इतकं मी त्याला ओळखते. आणि हो म्हणणार असशील तर फोनच कर, पत्राने नको. तो गेला आठवडाभर रोज लाकडं फोडायला येतो आहे, आणि एल्ले, फोडायला आता एकही ओंडका उरलेला नाही.

तुझीच,
आई