गुरुवारच्या ओहोटीआधी

सोमवार, दुपारचे तीन

प्रिय शालकराव,

आशीर्वाद द्यावा इतका तू लहान नाहीस आणि नमस्कार करावा असं अलीकडे काही केलेलं नाहीस, तेव्हा दोन्ही शिलकीत ठेवून थेट तक्रारीवर येतो.

तक्रार तू पाठवलेल्या विजारीची. ती जलरोधक आहे हे निर्विवाद. पण ती काखेपर्यंत येते. तिला खांद्यावर पट्टे, पट्ट्यांना बंद, बंदांना चाप, आणि या सगळ्यावर कोट. काल घड्याळ लावून प्रयोग केला. ही विजार उतरवायला मला अकरा मिनिटं लागतात. निसर्ग चारच्या वर देत नाही. तू पडलास दंतवैद्य, देहाच्या वरच्या टोकापुरताच तुझा व्यवहार. पण देह तिथे संपत नाही, एवढं तरी कॉलेजात कुणी सांगितलं असेल ना?

तुझ्या ताईला घालून दाखवली. पोट धरून हसली आणि म्हणाली, "छान दिसतोयस. फक्त चालू नकोस."

असो. आता खरी बातमी. वाऱ्याची उघडीप सापडली! गुरुवारी निघतोय!

तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर हवामानाचे नकाशे पसरलेत आणि आम्ही ओट्याशी उभं राहून जेवतोय. तुझ्या ताईने तीस वर्षं हवामान कार्यालयात बसून दुसऱ्यांच्या होड्यांना "जा" नि "थांबा" सांगितलं. आता स्वतःला सांगायची वेळ आली, तर बाईंना कुठलंच आकाश पसंत पडेना. एक वारा उतावळा, दुसरा आळशी, तिसऱ्याचं लक्षण ठीक नाही. मुलीसाठी स्थळं बघणाऱ्या बापाचं असं होतं. आज सकाळी सहाला मला हाक मारून उठवलं.

"बघ."

मी बघितलं. एकात एक वळलेल्या रेघा.

"दिसलं का?"

"कांदा," मी म्हणालो.

"कांदा नाही रे, गुरुवार!" आणि टेबलावर थाप मारली. इतक्या वर्षांत तिने टेबलावर थाप मारलेली मी पाहिली नव्हती.

मला समजलं ते असं. गुरुवारी पहाटे पाच चाळीसच्या ओहोटीबरोबर सुटायचं. तिथून पाच दिवस वारा पाठीशी. सहाव्या दिवशी तो फिरणार, आणि एकदा फिरला की मोसम संपेपर्यंत तोंडावर. पलीकडचा किनारा साडेचार दिवसांवर. म्हणजे हाताशी अर्धा दिवस. मी विचारलं, "पुरेल?" ती म्हणाली, "वाऱ्याने अर्धा दिवस देणं म्हणजे दानशूरपणा आहे."

तुमचे बाबा दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आणि होडीला रंग काढत. त्यांनी तुझ्या ताईला ती एकोणीस वर्षांची असताना नकाशावर दाखवलेला तो किनारा अजून तिथेच आहे. आमचाही पहिला मोसम माझ्या आईच्या मोडलेल्या हाडात गेला, दुसरा तडकलेल्या डोलकाठीत. यंदा हिने चहा ढवळता ढवळता सांगून टाकलं, "या वेळी नाही झालं, तर होडी विकून टाकू. नुसती बांधून ठेवलेली बघवत नाही मला." चिडून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं.

आणि माझं काय विचारशील, तर शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवसासारखं झालंय. समुद्राला संस्कृतात किती शब्द आहेत, ते मी सव्वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं, आणि तेही कोरड्या जमिनीवर उभा राहून. आता एक सकाळ अशी हवी की चारही बाजूंना बघावं आणि जमीन म्हणून काही दिसू नये. बटाटे साठ घेतलेत, बिस्किटांचे चाळीस पुडे. दोनशे लिटर पाणी मी स्वतः कॅन वाहून भरलं, कंबर अजून त्याचा उल्लेख करते. प्रत्येक कप्प्यावर मी सुवाच्य अक्षरात नावंही चिकटवली होती. भाज्यांचा तो शाककोष्ठ, आणि संकटात पेटवायच्या लाल नळकांड्यांचा तो आपद्द्रव्यकोष्ठ. हिने वाचलं आणि म्हणाली, "बुडताना मला संधी सोडवायला लावणार आहेस का?" आता तिथे 'लाल नळ्या' असं लिहिलंय. विद्येची ही अशी गत.

शिडं शिवणारे म्हातारेबुवा परवा नवी शिवण दाखवायला आले. विचारलं, "किती जण जाणार?" ही म्हणाली, "दोघंच." त्यांनी मला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे दीड," म्हणाले, आणि दोरा दाताने तोडला.

यावरून मुद्दा निघाला. दोघांनी जावं की तिघांनी?

माझं मत तिघांनी. तिसरा म्हणजे तू. दोघांत पत्त्यांचा डाव रंगत नाही. दोघांत काही हरवलं तर ते कुणी हरवलं हे लगेच कळतं. शिवाय माझी वरची दाढ अधूनमधून कुरकुरते आणि समुद्रात दवाखाना नसतो. तिसऱ्या बिछान्यावर सध्या बटाटे आहेत, ते समजूतदार आहेत, सरकतील. हे सगळं मी आज तिच्यापुढे क्रमवार मांडलं.

"त्याचा दवाखाना कशाला बंद पाडायचा उगाच?" ती म्हणाली. "दोघांना जमतं की नाही हे बघायलाच तर चाचणीला गेलो होतो आपण. तीस तास. नोंदवही काढून बघ. तुझ्या पाळीतली एक नोंद चुकलेली नाही."

इथपर्यंत लिहिलं आणि उठून चहा करून आलो. चहा पिऊनही झाला. आता दाढेमागे लपण्यात अर्थ नाही.

बाबांचा नियम तुला पाठ आहे. क्षितिजावर ठिपका दिसणारं जहाज वीस मिनिटांत अंगावर येतं. म्हणून पाळीवर असणाऱ्याने दर वीस मिनिटांनी गजर लावायचा, उठून चहूकडे नजर फिरवायची, आणि तासातासाला वहीत नोंद करायची. एक जागा, एक खाली झोपलेला. सुकाणू धरायला यंत्र आहे, जागं राहायला नाही.

पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या चाचणीत दुसऱ्या दुपारी दोन ते पाच माझी पाळी होती. लख्ख ऊन, गोड वारा. दोनची नोंद मी केली. पुढे गजर झाला असेल, मी तो बंद केला असेल. संस्कृतात आपण न पाहिलेल्या घटनांसाठी वेगळा भूतकाळ आहे. स्वतःबद्दल तो वापरायचा, तर बोलणारा त्या वेळी झोपलेला किंवा प्यालेला असावा लागतो. हे सांगून मी इतकी वर्षं वर्ग हसवला. मी प्यालेलो नव्हतो.

जाग आली ती होडी आडवी हेलपाटली म्हणून. डोळे उघडले तर समोर एका मालवाहू जहाजाची पाठ, लांब जाणारी. लांब म्हणजे किती, तर तिच्यावरचा गंज कुठे कुठे लाल आणि कुठे काळा, ते दिसत होतं. त्यांनी आम्हाला पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. घड्याळात चारला पाच कमी होते.

खालून हिचा आवाज आला, "काय झालं रे?"

मी म्हणालो, "लाट."

ती कूस बदलून परत झोपली.

मग मी वही घेतली. तीनची आणि चारची, दोन्ही नोंदी माझ्या प्रसिद्ध वळणदार अक्षरात केल्या. 'वारा मध्यम. क्षितिज मोकळे. सर्व ठीक.' कॉपी करणाऱ्या पोरांना मी आजवर शून्य देत आलो. ती बिचारी निदान कुणाचं तरी बघून लिहीत होती.

त्या दोन ओळींच्या भरवशावर तुझी ताई "दोघंच" म्हणतेय.

एकदाच घडलं असं मानून चालायचं ठरवलं होतं. म्हणून घरी चार दिवस दुपारी दोन ते पाच खिडकीपाशी खुर्ची टाकून, गजर लावून बसलो. चारांतले दोन दिवस झोपलो.

तू बुधवारच्या संध्याकाळच्या बसने ये. आधी लिहिणार होतो की सहज मनात आलं म्हणून आल्यासारखा ये, माझं नाव काढू नकोस. तू पाळीला उभा राहशील, मी दुपार टाळीन, तिला कधी कळणारही नाही. तो परिच्छेद लिहिला आणि फाडला. खोट्या वहीवर तुलाही सही करायला लावल्यासारखं झालं असतं. मग लिहिलं, की हे पत्र पोचेपर्यंत मी तिला सांगितलेलं असेल. तेही खोडलं. न घडलेलं लिहून ठेवण्याची हौस मला एकदा पुरली.

आत्ता खरं आहे ते एवढंच. ती पलीकडच्या खोलीत नकाशावर पट्टी ठेवून गुणगुणतेय. मी अजून सांगितलेलं नाही. हे पाकीट पाचच्या बसवाल्याच्या हाती देऊन परत येईन, आणि वही तिच्यापुढे ठेवून त्या दोन ओळींवर बोट ठेवीन. ती कदाचित तुला फोन करील, कदाचित होडीच्या गिऱ्हाइकाला. गुरुवार तिचा आहे, काय ते तीच ठरवील. तू बॅग मात्र भर.

वादळाला मी भीत नाही. ते आलंच तर कप्तान ती आहे. ती रागावेल याचीही मला भीती नाही. मी "लाट" म्हणालो आणि तिने पुढचं काही विचारलं नाही, लगेच झोपली. हे सांगितल्यावर माझ्या पाळीत ती तशी कधी झोपेल असं मला वाटत नाही. आणि नाही सांगितलं, तर ती तशीच झोपेल. मला या दोन्हींची भीती वाटते.

तुझ्या ताईचा नवरा