नात्याचा रकाना

७ मे २०२०
सकाळीच डार्लाचा फोन. आमची सुपरवायझर. "लव्हॉन, कारखाना उघडतोय. सोमवारी पहाटे पाचला लाइनवर!"
कोंबड्या कापायच्या खांद्याला खांदा लावून. मध्ये म्हणे प्लास्टिकचे पडदे लावलेत. साथ काय पडदा बघून मागे फिरणार आहे?
म्हटलं, "घरात रॉइस आहे. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसलाय. त्याला लागण झाली तर?"
"म्हणजे नाही म्हणालीस, असं लिहू?"
"लिही!"

१५ मे
लिहिलंच तिने. थेट सरकारला. 'काम देऊ केले असता नाकारले' — कारखाना बंद झाल्यापासून मिळणारा बेकारभत्ता बंद, असं पत्र आलं! सहा वर्षं आम्ही एका बाकावर डबे खाल्ले. लाज कशी वाटली नाही बयेला!
पण त्याच कागदाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय, कुटुंबातल्या आजारी माणसासाठी नकार दिला तर चालतो. अपील केलं.

२ जून
रॉइस म्हणतो, "मी खपलो की तुझी कटकट मिटेल." म्हटलं, गप बस आणि बीन्स संपव.

९ जून
फोनवर सुनावणी. आधी शपथ घ्यायला लावली. मग साहेब विचारतात, "हे रॉइस आपले कोण? पती का?"
काय सांगू? एकोणीस वर्षं एका छपराखाली राहतोय. लग्न तेवढं नाही. लग्न केलं तर त्याची अपंगांची पेन्शन कापतात. सरकारी ऑफिसातल्या बाईनेच तेव्हा हळूच सांगितलेलं, "नका करू." आम्ही शहाण्यासारखं ऐकलं.
रॉइस समोरून हातवारे करत होता — हो म्हण, हो म्हण! मी मोठी सत्यवादी लागून गेलेय ना. म्हणाले, "लग्न नाही झालेलं, साहेब."

१९ जून
अपील फेटाळलं. 'सदर इसम आपले कुटुंबीय नाहीत.'
इसम! त्याची नखं मी कापते. त्याला आंघोळ मी घालते. पेन्शनवाल्या सरकारसाठी लग्न करायचं नाही आणि भत्तेवाल्या सरकारसाठी करायचं. जळो मेलं ते ऑफिस!
रॉइसने पत्र दोनदा वाचलं.

२२ जून
गेले कामावर. दुसरं काय करणार? डार्लाने नजर चुकवली. घरी येऊन अंगणातच कपडे बदलले, मग आत गेले.

४ जुलै
मला खोकला. बाहेर स्वातंत्र्यदिनाचे फटाके. बाहेरच्या खोलीत झोपतेय, दार लावून. रॉइस आतून ओरडतो, "काही होत नाही गं!"

६ जुलै
रॉइसला ताप. श्वास पुरेना. अँब्युलन्स घेऊन गेली. मला चढू दिलं नाही. मीच आणलं हे घरात. मीच.

१८ जुलै
रॉइस गेला त्याला आज तीन दिवस. हॉस्पिटलने त्याची पिशवी पाठवली. बूट, चष्मा, चौकटीचा शर्ट. तळाशी भरतीच्या फॉर्मची प्रत. त्याच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात भरलेला. माझं नाव, आणि पुढे नात्याच्या रकान्यात — बायको.