मेहंदी रंगाची मखमल

४ नोव्हेंबर, सोमवार
आज नव्या घरी आलो. वय अडुसष्ट, हातात एक पत्र्याची पेटी. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काकाजी तर नवरीसारखे सासरी आले. सगळे हसले, मीही हसलो. गेल्या महिन्यात कोर्टात सह्या करून सुहासिनीबाईंशी माझं लग्न झालं. देपालपूरला पुतण्याच्या ओसरीत निजत होतो. इथे शहरात बडा गणपतीच्या देवळाजवळ दोन खोल्या, गॅलरी आणि निजायला सागवानी पलंग. पलंगाचा सिरहाना, म्हणजे पाठ टेकायची फळी, गादीदार आहे, मरून मखमलीने मढवलेला. मी पंचवीस वर्षं गिरणीत कापड तपासलं. शाळा सातवीपर्यंत, पण कापड मला बोटांनी वाचता येतं. हात फिरवून पाहिला. खिडकीच्या बाजूला मखमलीत वाटीएवढा खळगा आहे, तेलाने काळा पडलेला. सुहासिनीबाईंनी सांगितलं, ती ह्यांची जागा. ह्यांची म्हणजे पहिल्या यजमानांची, दिवाकररावांची. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. जेवण झालं की तिथे टेकून पेपर वाचायचे. माझी बाजू भिंतीकडची. तीही चांगली आहे. बीपीच्या गोळ्या ठेवायला कोनाडा आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार
रोज दुपारी भांडी आवरली की ती मऊ ब्रश घेऊन सिरहाना झाडते. वरून खाली, एकाच दिशेने, म्हणजे मखमलीची लव बसते. काम बरोबर करते, त्यात चूक काढता येत नाही. पण शेवटी तळहात त्या खळग्यावर ठेवते आणि तसाच राहू देते. आज मी चहाचं विचारलं तर म्हणाली, पाच मिनिटं थांबा गोपीनाथजी. त्यांना ‘हे’ आणि मला जी, नळपट्टीवाल्याला लावते तसं. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, कळतं मला. तरी ती पाच मिनिटं मी घड्याळात मोजली.

९ नोव्हेंबर, शनिवार
मी तिला सांगितलं की तेलाने कापड कुजतं, कुजलेल्या कापडात किडे होतात, माझा खोकला त्यामुळेच वाढला. खोकला मला आधीपासूनच आहे. ती म्हणाली, बदलून टाकू.
बाजारात गेलो. तिला पुन्हा मरूनच हवा होता. मी मेहंदी रंग धरून बसलो. नखाने वीस वेळा घासून पाहिलं, उलटी बाजू पाहिली, एक धागा जाळून वास घेतला. गादीवाला मोहन सोबत होता. तो म्हणाला, काकाजी, रेक्झिन लगवा लो, फडकं मारलं की साफ. बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्याने हळूच मला विचारलं, कापड घेताय की पोरीला स्थळ बघताय. मी दुकानदाराला माप सांगितलं. कापड माझ्या पसंतीचं आलं, मला तसल्ली वाटली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
मोहन सकाळी आला. मी खुर्ची टाकून समोर बसलो, नजर हलवली नाही. जुनी मखमल उचकटली, फोम काढला, मागची फळीसुद्धा मी साबणाने घासून घेतली. नवा फोम, नवं कापड, सगळीकडे सारखा ताण. जुनं सामान मी स्वतः कचरागाडीत टाकलं आणि गाडी वळेपर्यंत उभा राहिलो. बाई स्वयंपाकघरात होत्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
खिडकीच्या बाजूला मखमल दबलेली दिसते. तिथे कोणी बसलेलं नाही. लव उभी करायला वाफ दिली, उलटा ब्रश फिरवला. तासाभराने पुन्हा तसंच. मोहनला फोन केला. म्हणाला, नवा फोम आहे, बैठेगा. फोम असा गोल बसत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
आता तेलही आलं आहे. आवळ्याच्या तेलाचा वास. मी डोक्याला तेल लावत नाही, लावायला केस फारसे नाहीत. सोडा भुरभुरला, टाल्कम पावडर टाकली, ब्रशने झटकली. खाली डाग होता, ओला. सुहासिनीबाईंना दाखवला. दचकल्या नाहीत. कापडाला ओळख पटायला वेळ लागतो म्हणाल्या आणि तळहात ठेवला. त्यांचा चेहरा लग्नातही असा उजळला नव्हता.

२० नोव्हेंबर, बुधवार
आज मी ठरवून त्या जागी बसलो. डोकं खळग्यात टेकलं. बरोबर बसलं, माझ्याच मापाचा असावा तसं. जागा गरम होती. उठणार होतो, तेवढ्यात ती पोहे घेऊन आली, वर जीरावनचा मसाला टाकलेला, आणि पहिल्यांदाच पलंगाच्या काठावर माझ्याजवळ बसली. म्हणाली, असेच बसा. मग ब्रश घेतला. सिरहाना झाडता झाडता माझे केसही झाडले, वरून खाली. मी डोळे मिटले. मला कोणी असा हात लावून किती वर्षं झाली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
दोन दिवस जागचा उठलो नाही. उठलो तर तो पहिला येऊन बसेल. भूक नाही. मानेच्या मागे केस दाट झालेत. हात लावला तर मऊ, एकाच दिशेला वळलेले. उलटा हात फिरवला तर रंग गडद होतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार
डोकं सुटत नाही. ओढलं की कापड ताणलं जातं आणि कळ माझ्या कपाळात येते. दुपारी मोहन कापडाचा उरलेला तुकडा द्यायला आला. माझ्याकडे बघून पांढरा पडला. अवजारांच्या पिशवीतून कात्री काढली, म्हणाला, काकाजी, कडेने कापतो, दोन मिनिटांत मोकळे व्हाल. दारात सुहासिनी उभी होती. हातात ब्रश होता. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या शेजारच्या जागेकडे बघत होती.
मी मोहनला जा म्हटलं.
तो तुकडा फेकून पळाला. तो गेल्यावर तिने बाहेरच्या दाराची कडी लावली.

२४, दुपार
खोकला थांबला. छातीत फोम भरल्यासारखं — दुखत नाही. डाव्या बोटांवर लव आली. लिहायचा हात अजून माझा आहे.
मागे फळी असायला हवी. फळी नाही. मऊ आहे. कुणीतरी डोक्यामागे डोकं टेकून —

२५
त्याचा श्वास. पेपरचं पान उलटल्याचा आवाज. सरक म्हटलं. सरकत नाही. मीच सरकतो आहे, आत, भिंतीकडे —

दुपार
भांडी आवरली. ती येते आहे. ब्रश. कपाळावर तिचा हात, गरम. माझ्या कपाळावर. थांब इथे, सुहासिनी, इथेच —
हात पुढे चालला. माझ्यावरून पुढे, खिडकीकडे, आणि तिथे थांबला, आणि तिथे मखमलीतून तिचे ‘हे’ हळूच वर —