तू ‘मी धावायचो’ म्हणायचीस

आई, तू पुरुषासारखं बोलायला लागलीस तो रविवार मला अजून स्वच्छ दिसतो. वाशीच्या आपल्या फ्लॅटमधलं लांबट स्वयंपाकघर, खिडकीतून येणारा खाडीचा खारट वारा, आणि दाराशी स्टुलावर ताठ बसलेले ते जपानी पाहुणे. त्यांनी हळू आवाजात एक वाक्य म्हटलं. तू पोळी तव्यावर टाकलीस, वाक्य पूर्ण ऐकून घेतलंस, आणि पोळी उलटता उलटता आमच्याकडे न बघता म्हणालीस, “मी डावीकडून धावायचो. माझा डावा पाय चांगला होता.” बाबा हसले. म्हणाले, “अगं, निदान ‘धावायचे’ तरी म्हण.” तुला हसू आलं नाही. “ते ‘मी’ म्हणाले की मीही ‘मी’च म्हणायचं. मध्ये मी कोण येणार?” असं म्हणून तू पोळीला तूप लावलंस आणि त्यांच्याकडे वळून पुढचं विचारलंस.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्नाआधी तू पुण्यात जपानी शिकली होतीस, हे मला माहीत होतं, पण ते एखाद्या लांबच्या नातेवाइकासारखं. तिकडे वर्षभर राहून शिकायला तुला बोलावणं आलं होतं आणि तू गेली नव्हतीस, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांसमोर बाबा ती गोष्ट गमतीने सांगायचे आणि शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणायचे, “मग ही झाली.” सगळे हसायचे, तूही हसायचीस. मी मात्र ते वाक्य घेऊन आत जायचे. तू जेवणाच्या टेबलावर पंपांची आणि व्हॉल्व्हची माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत उतरवत बसायचीस, तेव्हा दारातून तुझी पाठ बघताना मला वाटायचं, या पाठीला दुसरीकडे कुठेतरी असायचं होतं. म्हणूनच तू शिकवायला तयार असूनही मी ती भाषा कधी शिकले नाही.

तुर्भ्याच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात नवी मशिनं बसवायला जपानहून माणसं आली आणि तुला दुभाष्याचं काम मिळालं. रोज सकाळी खाली गाडी यायची. कॉटनची साडी, पर्स, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली घाई. आलेल्यांपैकी एक जण फार कमी बोलायचे, आणि गेस्ट हाउसचं तिखट जेवण त्यांना सोसत नव्हतं. तू त्यांना रविवारी घरी जेवायला बोलवायला लागलीस. ते खेळाडू आहेत, हे आपल्याला माहीत नव्हतं. कळलं ते मार्केटात. त्यांना फळं हवी होती, म्हणून तू, मी आणि ते एपीएमसीत गेलो होतो. गवताचा आणि पिकल्या फळांचा वास, हातगाड्या, आरडाओरडा. मोसंब्यांच्या उंच ढिगावरून एक मोसंबं निसटलं आणि उड्या मारत आमच्याकडे आलं. ते भलतीकडेच बघत होते. मानही न वळवता त्यांनी डावा पाय पुढे केला, मोसंबं पायावर येऊन थांबलं, जणू तिथेच बसायला निघालं होतं, मग वर उडालं आणि त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते वाकून व्यापाऱ्याला परत दिलं. पिशव्या धरून उभा असलेला कारखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर, तो खाडीकाठच्या गावातला, तुला हळूच म्हणाला, “म्याडम, ह्यो साहेब साधा मानूस नाय. खेलारी हाय.” तू त्यांना विचारलंस, आणि त्यांचे कान लाल झाले.

पुढचे कितीतरी रविवार त्यांची हकिगत आपल्या स्वयंपाकघरात थोडी थोडी उतरत गेली. मला ती त्यांच्या आवाजात आठवतच नाही, तुझ्याच आवाजात आठवते. तू सांगतेयस, “माझं गाव बंदराचं. सकाळी धुकं असायचं, मैदानाचं दुसरं टोक दिसायचं नाही. चेंडू धुक्यात मारायचा आणि मागे धावायचं.” तू सांगतेयस, “शाळा संपल्यावर मी कारखान्यात लागलो. कारखान्याचा संघ होता. सकाळी बेअरिंगं तपासायचो, दुपारी सराव. सामन्याला कामगारांच्या बायका डबे घेऊन यायच्या, तेवढेच प्रेक्षक.” मग तिकडे व्यावसायिक लीग सुरू झाली. त्यांनी नोकरी सोडून करार केला, आणि ज्या मैदानावर काल डबे उघडत होते तिथे झेंडे आणि ढोल आले. “पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा मला माझाच श्वास ऐकू येईना,” तू म्हणालीस आणि हातातलं भांडं खाली ठेवलंस. फुटबॉलचे शब्द तुला येत नव्हते. तू त्यांना पुन्हा पुन्हा विचारायचीस, ते टेबलावर लसणाच्या पाकळ्या मांडून दाखवायचे. मग तू म्हणायचीस, “हं, म्हणजे मी कडेने पळून चेंडू मधल्या माणसाला द्यायचा.” त्यांनी केलेले गोल थोडे होते. दुसऱ्यांना करून दिलेले पुष्कळ.

गुडघ्याचं सांगितलं तो दिवस भर उन्हाळ्यातला. त्या सामन्यात कुणी धक्का दिला नव्हता, कुणी पाडलं नव्हतं. ते नुसते वळले आणि गुडघा वळला नाही. ते सांगताना तुझा हात तुझ्याच गुडघ्यावर गेला. “पुढचा हंगाम मी बाकावर बसून काढला,” तू म्हणालीस. “मग एका संध्याकाळी बोलावून सांगितलं की आता नको. जुन्या कंपनीने दया करून परत घेतलं आणि इकडे पाठवलं.” बाबांनी विचारलं, “वाईट वाटलं असेल ना?” तू ते जपानीत विचारलंस. त्यांनी बराच विचार केला आणि एकच शब्द उच्चारला. तू मराठीत म्हणालीस, “अजून वाटतं.”

तरीही ते धावत होते, हे आधी तुला कळलं. आपल्या सोसायटीच्या मागे तेव्हा नुसते मोकळे प्लॉट होते, त्यांच्यामधून जाणारे रुंद रस्ते कुठेच पोचत नव्हते, आणि पलीकडे खारफुटी. सकाळी सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. त्यातून ते पळत यायचे, आधी सावलीसारखे, मग माणसासारखे. तू एका दगडावर शाल घेऊन बसायचीस. मला दोनदा बरोबर नेलंस. कुठून तरी त्यांनी चेंडू मिळवला होता. ते डावीकडून पळत यायचे, चेंडू मध्ये द्यायचे. तिथे कुणीच नसायचं. चेंडू गवतात जाऊन थांबायचा, ते जाऊन आणायचे, पुन्हा पळायचे. मी म्हटलं, “आई, हे कुणाला देतात?” तू म्हणालीस, “असेल कुणीतरी. आपल्याला दिसत नाही एवढंच.”

एका रविवारी सकाळी आपला फोन वाजला आणि तू उचलून एकदम जपानीत बोलायला लागलीस. पलीकडे त्यांचा कारखान्याच्या संघातला जुना कॅप्टन होता. तो आता एका लहान शहराच्या, खालच्या लीगमधल्या संघाचा प्रशिक्षक झाला होता, आणि आपला नंबर त्यांनीच त्याला दिला होता. त्या संघाला डावीकडून धावणारा हवा होता. एका हंगामाचा करार, पगार कमी, महिनाअखेरपर्यंत उत्तर. तू त्यांना जेवायला आल्यावर हे सांगितलंस, तेव्हा ते ताट तसंच ठेवून गॅलरीत गेले आणि बराच वेळ खाडीकडे बघत उभे राहिले.

बातमी कारखान्यात पोचली. पुढच्या रविवारी मॅनेजर साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्याकडे आले, कारण ऑफिसात हे बोलणं बरं दिसलं नसतं. हॉलमध्ये आपण सगळे बसलो. साहेब म्हणाले, “मॅडम, त्यांना नीट समजवा. टेन्शन द्यायचं नाही. पण सांगा, मशीन चालू व्हायच्या आधी गेले तर कंपनी पुन्हा घेणार नाही. आणि गुडघा असा. किती दिवस खेळणार?” तू ते सगळं सांगितलंस. गुडघ्याचंही सांगितलंस हे मला कळलं, कारण त्यांनी मान खाली घालून गुडघ्याकडे पाहिलं. पण तू थांबली नाहीस. तुझा आवाज खाली आला, कामाचा राहिला नाही, मला ताप असताना कपाळावर हात ठेवून बोलायचीस तसा झाला. मध्येच तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, सरबत आणायला सांगतेयस. मी उठून आत गेले. ट्रे घेऊन आले तर ते हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे मिटून बसलेले, आणि साहेब विचारत होते, “मॅडम, मी तर दोनच वाक्यं बोललो. तुम्ही एवढं काय सांगितलं?”

“त्यांच्या भाषेत वाक्यं लांब होतात,” तू म्हणालीस आणि पेढ्यांचा पुडा उघडलास.

ते जपानला परत गेले. कारखान्याची गाडी पुढे आपल्या दारात आली नाही. तू पुन्हा पंपांच्या कागदांकडे वळलीस. बाबांनी एकदा विचारलं, “खरंच काय बोललीस तू?” “सांगायला सांगितलं ते सांगितलं. थोडं माझं,” एवढंच. त्या वर्षी त्यांचा दोनदा फोन आला. फोन ठेवून तू जेवणाच्या टेबलाशी येऊन म्हणालीस, “मी शेवटी शेवटी मैदानात उतरलो. एक चेंडू मध्ये दिला, त्यावर गोल झाला.” तुझं तोंड असं उजळलं होतं की बाबांनी तुझं ‘उतरलो’ सुधारलं नाही. त्या एका हंगामाचे दोन झाले, मग गुडघ्याने कायमचं नाही म्हटलं. पुढे आपला नंबर बदलला. मग तू आजारी पडलीस, आणि त्यानंतरचं लिहायची मला इच्छा नाही.

मी आता उलव्याला राहते. गेल्या हिवाळ्यात वाशीच्या सोसायटीतून निरोप आला की एक जपानी गृहस्थ तुला शोधत आले आहेत. स्वतःच्या बंदराच्या गावातल्या मुलामुलींचा संघ घेऊन ते इथे सामने खेळायला आले होते. तिथल्या मुलांना ते वीस-एक वर्षं शिकवतायत. केस पांढरे, चाल किंचित लंगडी. तू नाहीस हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. ते जागेवरच उभे राहिले आणि वाकले, खूप खाली, आणि वर यायला त्यांना वेळ लागला. मी त्यांना घरी आणलं, वरण-भात वाढला. आमच्यात मोडकं इंग्रजी. जेवण झाल्यावर ते म्हणाले, “साहेब आले त्या रविवारी तुझी आई काय म्हणाली ते तुला माहीत आहे ना?” मी म्हटलं, नाही. त्यांना आश्चर्य वाटलं. “तू समोर होतीस,” ते म्हणाले, “ती तुझ्याबद्दलच बोलत होती.”

तू म्हणाली होतीस, “हे कंपनीचं झालं, आता माझं ऐका. मलाही एकदा तुमच्या देशातून बोलावणं आलं होतं. माझी मुलगी पोटात होती, म्हणून मी गेले नाही. आज पुन्हा विचारलं तरी मी तिलाच निवडीन, विचार करायला वेळसुद्धा मागणार नाही. तुमच्याकडे न जाण्यासाठी एवढं चांगलं कारण आहे का? नसेल, तर जा.”

ते म्हणाले, मी पुष्कळ शोधलं, तेवढं चांगलं कारण सापडलं नाही, म्हणून गेलो. बाहेर दिवे लागत होते. मी उठून उगाचच पाण्याचा जग भरायला नेला, तो भरलेलाच होता.

आई, हे कुठे पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. त्यांचं इंग्रजी साधं होतं, सावकाश होतं, मला पहिल्यांदाच शब्द न् शब्द समजला होता. तरी मी म्हटलं, नीट कळलं नाही, पुन्हा एकदा सांगाल का? आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.