कान असलेलं लॉक

प्रिय दादा,

सकाळी वहिनी म्हणाली, "भावजी, ती गाडी इकून टाका. मला बगवत न्हाई." म्हणून सव्वा वर्षानं ताडपत्री काढली, इंजिन उघडलं, आणि आता तुला लिहायला बसलोय. आधी दुसऱ्या कुणाला सांगायची छाती होत नाही.

लष्कराच्या लिलावातून तू ती मोटारसायकल आणलीस तेव्हा लोणावळ्याच्या आपल्या गॅरेजात सगळे हसले होते! तू मात्र शर्यतीचं इंजिन बांधायला घेतलंस. पिस्टनची पिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक लॉक बसवायचं, तेवढ्यावरून आपली केवढी जुंपली! मला टोकाला वाकवलेला कान असलेलं हवं होतं, तो कान पकडीत धरून लॉक झटकन काढता येतं.

तू म्हणायचास, "काढाय सोपं हाय रं, पन इंजान जोरात फिराय लागलं की त्यो कान तुटतोय. आपल्याला साधी गोल तारच."

ती तार बसवताना माझी नखं तुटायची. किती चिडायचो मी तुझ्यावर!

ट्रायलच्या दिवशी एक गोल लॉक माझ्या हातून उडालं. बाकड्याखाली, तेलाच्या डब्यात, कुठे कुठे शोधलं! दुसरं आणायचं तर पुणं गाठायला हवं होतं, आणि तू बूट घालून दारात उभा. मी गुपचूप कान असलेलं बसवलं.

"झालं का रं?"

"झालं," म्हणालो. का नाही रे तू स्वतः बघितलंस? इतका विश्वास कशाला ठेवायचा?

बेडशाच्या वळणावर इंजिन जाम झालं, चाक अडकलं, तू गेलास. लोक म्हणाले, बेभान हाकत होता. वहिनीही तेच धरून बसलीय. "माझा इचार केला न्हाई त्यांनी," म्हणते. रागानं तुझा फोटो ट्रंकेत घातलाय तिनं. आणि मला रोज गरम भाकरी वाढते! घास गिळवत नाही, ताटावरून उठवत नाही. कान्हे गावातल्या आपल्या घरात मी पार कोंडून गेलोय, दादा.

आज पिस्टन हातात आला. एका बाजूला तुझी गोल तार जागच्या जागी. दुसरीकडे लॉकच नाही, पिन सरकून सिलिंडरला चर पडलाय. तुटलेला कान तळाशी तेलात सापडला.

वचन देतो. आज वहिनी ताट वाढायला घेईल, त्याच्या आधी हा कान तिच्या हातावर ठेवीन. तुझा फोटो ट्रंकेतून काढायला सांगेन. मग तिनं वाढलं, तरच जेवीन.

तुला "झालं" म्हणणारा,
तुझा बाळू